पहिल्या दिवसाची बोहनी

मी मूळचा पैठणकडचा, आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या कडंला. वडील शेती करायचे आणि पावसावर नव्हता एवढा विश्वास त्यांचा मास्तरावर होता. मला पहिलीत घालायला नेलं तेव्हा मास्तरांना म्हणाले, कातडं तुमचं, हाडं आमची, बाकी तुम्ही बघा. मास्तरांनी त्याच दिवशी बघितलं. निरगुडीचा ओला फोक पोटरीवर बसला की आधी गार वाटतं अन् मग पेटतं, हे मला अक्षरं यायच्या आधी कळलं. घरी आलो तर आईनं हळद लावली आणि वडील ओसरीवरून खूश होऊन म्हणाले, मास्तर चांगला भेटला. काय सांगू तुम्हाला, मी पण तेच मनात धरून बसलो, की चांगला मास्तर म्हणजे असा.

मग मीच मास्तर झालो. पहिली नेमणूक सिल्लोडकडच्या एका गावात. सगळीकडं कापूस, अर्ध्या पोरांच्या आया वेचणीला जायच्या. त्या शाळेत एक रीत होती, आता लिहून घ्या, कारण ही कुठल्या कागदावर नाय सापडणार तुम्हाला. शाळा उघडली की पहिल्या दिवशी प्रत्येक मास्तरानं आपल्या वर्गात एक पोरगं असं झोडपायचं की बाकीच्यांनी वर्षभर मान वर करू नये. आम्ही त्याला बोहनी म्हणायचो. दुकानदार सकाळची पहिली विक्री करतो ना, तशी. मधल्या सुट्टीत चहा पिताना एकमेकांना विचारायचं, काय सर, झाली का बोहनी? आणि हसायचं. लई हसायचो आम्ही.

पोरगं निवडायची पण अक्कल लागायची. पाटलाचं नाय घ्यायचं, सरपंचाच्या भावकीतलं नाय घ्यायचं. दांडगट, मस्ती करणारंच घेतो असं आम्ही लोकांना सांगायचो, पण ते खोटं. घ्यायचं असं, की ज्याच्या घरून कुणी भांडायला येणार नाही. हजेरी संपायच्या आत मास्तरला कळतं ते पोरगं कोणतं. मला तर दारातून आत येतानाच कळायचं.

एका वर्षी भानुदास होता. चौथीतला. बाप आदल्या हिवाळ्यात वारलेला, आई कापूस वेचायची. मागच्या रांगेत बसला होता, अंगात नवा सदरा, मामानं घेतलेला असंल, आणि माझ्याकडं बघून हसत होता. काही खोडी नाही, नुसतं हसत होता, शाळा सुरू झाली म्हणून. मी म्हणालो, ये इकडं. तो तसाच हसत आला, त्याला वाटलं खडू आणायला सांगतील. पहिली थप्पड डाव्या कानावर बसली, पूर्ण हातानं. तो फिरला अन् टेबलावर पडला. मग फोक काढला, पायांवर, पाठीवर, त्यानं हात मागं नेले तर बोटांवर. त्याला मुतायला झालं तरी मी थांबलो नाय. शेवटी केसाला धरून कपाळ फळ्यावर आपटलं, दोनदा का तीनदा. वर्ग असा गप झाला की बाहेरच्या लिंबावरचा कावळा ऐकू येत होता. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. शेजारच्या वर्गातून हेडसरांनी डोकावून विचारलं, झाली का? मी म्हणालो, झाली सर. नव्या सदऱ्याच्या कॉलरवर कानातून रक्त येत होतं, ते मी बघितलं आणि फळा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडायला नाय. उंबऱ्याबाहेर उभी राहून पदर तोंडाला लावून म्हणाली, गुरुजी, पोराचं काही चुकलं का? आता तिथं मी म्हणायला पाहिजे होतं की बाई, काही नाही चुकलं. पण सगळा वर्ग ऐकत होता. मी म्हणालो, व्हय, शिवी दिली त्यानं मला. तिनं पायातली चप्पल काढली आणि माझ्यासमोर पोराला परत मारला. सुजलेल्या कानावरच. तो ओरडत होता, मी नाय दिली, मी नाय दिली, आणि ती म्हणत होती, गुरुजी खोटं बोलतील का रं भडव्या.

तो कान गेला. पू येत राहिला, मग बंदच पडला.

भानुदास पुढं शिकला, शहरात आला, गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात लागला, मग स्वतःचं टाकलं. मीही निवृत्त होऊन इथंच राहायला आलो. दिवाळीला तो मिठाई घेऊन यायचा. माझ्या निरोप समारंभात त्यानं माईकवर सांगितलं की मी गुरुजींना शिवी दिली, गुरुजींनी कान फोडला, म्हणून आज माणूस झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान हलवली. इतक्या वेळा ऐकून त्यालाच पटलं होतं की शिवी दिली होती. मला ते सोयीचं होतं.

आता ह्या जूनची गोष्ट. माझी नात स्वाती, थोरल्याची मुलगी, इथल्याच एका शाळेत मास्तरीण म्हणून लागली. शाळा उघडायला दोन दिवस होते. मला विचारत होती, आबा, पहिल्या दिवशी वर्ग कसा हातात घ्यायचा? मी आपलं सांगत होतो, आता कायद्यानं हात लावता येत नाय, पण एकाला धरून चांगलं उभं कर, बाकीचे सरळ होतात. तेवढ्यात भानुदास आला, सोबत त्याची नात. स्वातीला म्हणाला, ताई, ही तुमच्याच वर्गात येणार, लई बडबडी आहे. पहिल्या दिवशीच हिची बोहनी करून टाका. कायदा गेला खड्ड्यात, मी तक्रार करणार नाय. मला बघा, गुरुजींना शिवी दिली होती मी. असं म्हणून हसला आणि मान वळवून ऐकू येणारा उजवा कान पुढं केला, नेहमीसारखा. पोरगी त्याच्या विजारीला धरून होती.

माझ्या तोंडातून निघून गेलं, भानुदास, तू शिवी दिली नव्हती.

तो म्हणाला, दिली हो गुरुजी, तुम्ही विसरले.

मी म्हणालो, नाही. तू हसत होतास.

मग मारलं कशाला?

तुझा बाप नव्हता म्हणून. तुझ्या घरून कुणी येणार नव्हतं.

त्यानं विजारीवरचा पोरीचा हात सोडवला. मग चहाचं टेबल लाथेनं उडवलं, माझी कॉलर धरली अन् मला खुर्चीतून उचललं. म्हणाला, माझा थोरला पोरगा माझ्याशी बोलत नाय. पट्ट्यानं फोडला मी त्याला, बकलाच्या बाजूनं, आणि दर बारीला तुमचं नाव घेतलं, माझ्या गुरुजींनी मला असंच घडवलं म्हणून. हरामखोर म्हातारा. मी चष्मा काढून ठेवला आणि डावा कान पुढं केला. मार, म्हणालो. त्यानं हात उचललाही. पण त्याची नात किंचाळली, आणि तो हात भिंतीवरच्या काचेच्या कपाटात गेला. काच, रक्त, सगळं फरशीवर. तसाच पोरीला उचलून गेला. कपाटात माझी सत्काराची शाल होती, तिच्यावरही उडालं. स्वातीनं ती धुवायला घेतली, मी म्हणालो राहू दे.

संध्याकाळी ती माझ्याशी धड बोलत नव्हती. तरी मीच म्हणालो, सकाळी सांगितलं ते विसर. तुझ्या वर्गात ते पोरगं असणारच, ज्याच्या घरून कुणी येत नाही. हजेरी संपायच्या आत तुला दिसंल. पहिलं नाव त्याचं घे. पहिला खडू त्याच्या हातात दे. हसत असंल तर तूही हास. बोहनी करायचीच असंल तर अशी कर. चाळीस पोरं बघत असतात की बाई त्याच्याशी कशी वागते, त्यावरून ती वर्षभराचं ठरवतात. भीती बसवायला मला एक सकाळ पुरली, हेही तेवढ्याच वेळात होईल. तिनं मान हलवली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

शाळेचा पहिला दिवस झाला. स्वाती घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, आबा, भानुदासकाका फाटकावर आले होते, हाताला पट्टी. पोरीला माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ताई, हिला बोट लावायचं नाय. लावलं तर मी भांडायला येईन, शाळा डोक्यावर घेईन.

माझ्याकडं तो परत आलेला नाही. येणारही नाही बहुतेक, दिवाळी आली तरी. राहू दे. रोज सकाळी मात्र पोरीला सोडायला फाटकावर उभा असतो म्हणे, बाह्या सारून. उभा राहू दे. देवानं त्याला लई आयुष्य द्यावं, आणि भांडायला आवाज.