साहेबांच्या चित्रात आई

हॅलो? … हॅलो, आई? हो, मीच. … बरी आहे गं. जेवले. … हो, पोटभर. … आई, आधी ऐक ना, नोकरी गेलेली नाही.

नाही नाही, गेली *नाही* म्हणतेय. … म्हणजे जाता जाता राहिली. … तू बस बघू आधी. बसलीस?

आज साहेबांना भेटले. … तेच गं, तुझे लाडके चित्रकार. … दिसायला? दाताच्या डॉक्टरांसारखे. … बरं, त्यांची बाजू नंतर घे.

तुला एक खरं सांगायचं राहिलंय. मी तिथे चित्रं काढत नाही. … अगं, 'साहेबांच्या हाताखाली आहे' म्हणाले होते, त्यात खोटं काय? साहेब एक चित्र काढतात, यंत्रावर त्याच्या पाच हजार प्रती निघतात, आणि आम्ही सहाजणी ओळीत बसून खिडक्यांना पिवळा ठिपका लावतो. … खऱ्या रंगाचा. बोट फिरवलं की हाताला लागला पाहिजे. मग पाठीमागे शिक्का, 'हाताने उजळलेली प्रत'. किंमत तिप्पट. … हो, तुझ्या भिंतीवरची पण. … नाही, साहेबांनी नाही. आमच्यातल्याच कुणीतरी, चहाच्या सुट्टीआधी घाईघाईत.

हॅलो? … रागावलीस का? … बरं.

चार वर्षं चित्रकला शिकले, आणि दिवसभर काय, तर ठिपका, ठिपका, ठिपका. चित्र तरी कसलं? तळं, काठावर घर, धुराड्यातून धूर, झाडून सगळ्या खिडक्यांत दिवे. … छान वाटतं, कबूल. पण माणूस कुठाय त्यात? जा, भिंतीपाशी जाऊन बघ. मी थांबते.

… दिसलं कुणी? … नाहीच दिसणार. चूल पेटलेली, दिवे सगळे चालू, आणि घरात चिटपाखरू नाही. मला रोज वाटायचं, आई इथे असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तर मागच्या महिन्यात माझा हात शिवशिवला. एका खिडकीत पिवळा लावलाच नाही, काळा लावला. आणि शेजारच्या खिडकीत … हसू नकोस हं … तुला काढलं. नखाएवढी. एक हात कमरेवर, दुसरा दिव्याच्या बटणावर.

… गंमत म्हणून गं. लगेच पुसणार होते. तेवढ्यात मी पाणी प्यायला उठले आणि कुणीतरी अख्खा गठ्ठा उचलून नेला. … हो ना. विकली गेलीस तू.

आज सकाळी एक बाई तीच प्रत काखोटीला मारून हजर. पट्टीबाईंनी भिंगातून बघितलं … आमच्या मुकादम गं, पट्टीने ठिपके मोजतात म्हणून पट्टीबाई … आणि विचारलं, हे काम कुणाचं? … सांगून टाकलं. लपवून काय उपयोग? ठिपक्यावरून हात ओळखतात त्या.

मग आमची वरात वर, साहेबांच्या खोलीत. … खोली? साधी ट्यूबलाइट. भिंतीवर एक चित्र नाही, विश्वास ठेव. पट्टीबाई म्हणत होत्या, हिला आजच्या आज घरी बसवा. आणि ती बाई … अगं, तिची तक्रार नव्हतीच. ती म्हणत होती, ही हुबेहूब मी आहे, माझ्या दोन्ही जावांना अशीच एकेक द्या. दुकानात सगळी घरं रिकामीच निघाली म्हणे.

साहेब भिंग धरून बसले. कितीतरी वेळ. मग विचारलं, "ही कोण?" म्हटलं, माझी आई. "करतेय काय?" मी म्हटलं, "दिवे बंद करतेय. घरात कुणी नसताना चालू ठेवलेले तिला खपत नाहीत."

… नाही, हसले नाहीत. … अगं सांगतेय ना. म्हणाले, "बावीस वर्षं घरं काढतोय. मला माणसं जमतच नाहीत."

एवढंसं तोंड झालं होतं त्यांचं. … हो, वाईट वाटलं मला. दीड वर्ष त्यांची टर उडवली ना मी, सहाजणींत सगळ्यात जास्त मीच.

मग म्हणाले, पुढच्या चित्रापासून एक खिडकी तुझी. … ठिपका नाही गं, आई, खिडकी. मूळ चित्रातली. मी काढणार आणि पाच हजार प्रतींत छापली जाणार. … हो. … हो, सोमवारपासून. बोटभरच आहे, पण माझी आहे. … रडतेस का? … मग नाक कशाला ओढतेस?

कुणाला काढू? ठरलं नाही अजून. बाबांना काढू? … ते पण खरं. नुसता पेपरच दिसेल. … मग कुणाला? … मला?

मला कशाला त्यात? …

… नाही गं, विसरले नाही. … कित्येक महिने घरी आले नाही, माहीत आहे मला. … कामच असतं गं. …

… काय म्हणालीस? … भिंतीवर तरी दिसेन?

…

आई, असलं काही बोलत जाऊ नकोस. साहेबांच्या कानावर गेलं तर चहाच्या कपांवर छापतील.

… नाही, कुठे रडतेय? … आई, ऐक ना. शनिवारी येते. … हो, याच शनिवारी. … दोन दिवस राहते. … ठेवते आता, गाडीचं तिकीट बघायचंय.