सासूबाईंनी उघडलेली झाकणं

हळू बोला हो दादा, हळू — खारट आहे ते कळलं मला, तुमच्या तोंडावरूनच कळलं, पण स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच आहे, आणि आमच्या सासूबाईंचे कान अजून शाबूत आहेत. कान शाबूत म्हणजे — काही नाही, असंच म्हटलं. बदलून देऊ? नको? मग पाव घ्या बरोबर. तुम्ही आमच्या गावचे, काव्हालाचे नाही ना? वाटलंच. इथला माणूस खानावळीत आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरतो, पातेल्यांची झाकणं उघडून बघतो, मग सांगतो काय वाढायचं ते. तुम्ही आपले खुर्चीत बसून चण्याचा रस्सा मागितलात.

या झाकणांची गंमत सांगते तुम्हाला. आमची झोई, माझी मुलगी, व्हिएन्नात नोकरीला असते — तिने वसंतात आजीला नि मला फिरायला बोलावलं. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग. चांगली चांगली हॉटेलं शोधून माझ्या फोनवर पाठवली. सासूबाई म्हणाल्या, “झाकण न उघडता जेवायचं? आपण काय इस्पितळात आहोत?” आणि व्हिएन्नात पहिल्याच दिवशी — पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, वेटर म्हणजे नवरदेवच — ही बाई सरळ आत! मी मागून “आई, आई” करत. आचाऱ्याने हाताला धरून बाहेर आणून सोडलं. पुढच्या हॉटेलात तेच. शेवटी बाकावर बसून बिस्किटं खाल्ली, आणि वर बोलणी कुणाला? मलाच. “स्तामाता, तुझ्या हाताला चव नाही ती नाहीच, निदान बरं हॉटेल तरी शोध.” लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय हो! बुडापेस्टला मग मी शहाणी झाले — आधी आपण आत जायचं, खुणा करायच्या, म्हातारी आहे, एवढं एक झाकण उघडू द्या. दिलं की उघडू! तुडुंब जेवलो.

आणि प्राग. तिथला आचारी हसरा, त्यानेच आत बोलावलं. सासूबाईंनी झाकण काढलं — आत दाट, काळपट, रटरटतंय. चमचा बुडवला, डोळे मिटले — चाखताना डोळे मिटतात त्या — आणि म्हणाल्या, “मटणाचा रस्सा बरा आहे, तमालपत्र कमी पडलं.” दादा, तो आलुबुखाराचा मुरंबा होता! गोडमिट्ट! सगळं स्वयंपाकघर हसलं, मीही पोट धरून हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. चमचा पुन्हा तोंडात, पुन्हा तोंडात — घाबरल्या होत्या हो. चव गेली होती त्यांची. वाससुद्धा. कधीपासून, देव जाणे. मला तिथेच रडू फुटत होतं, पण मी मोठ्याने म्हटलं, “काय बाई आईंची चेष्टा!”

तेव्हापासून — कुणाला बोलू नका, झोईलाही माहीत नाही — त्या रांधतात, पातेलं उतरवतात आणि मांजरांना घालायला मागच्या दारी जातात. तेवढ्यात मी चाखते, मीठ बघते, लिंबू बघते, झाकण लावते. त्यांना पत्ताही नाही. लोक म्हणतात, एव्हांथियाबाईंच्या हाताला काय चव आहे! सासूबाई माझ्याकडे बघून म्हणतात, शीक जरा. शिकते म्हणते मी. काय करू? चुलीपासून उठवलं तर अंथरूण धरतील त्या. आणि त्यांच्याशिवाय मला — जाऊ दे. आज बहुतेक मी मीठ घातल्यावर त्यांनी अंदाजाने आणखी घातलं. त्या आता येऊन विचारतील, प्रत्येक टेबलाशी येतातच. छान झालंय म्हणा. एवढं करा दादा, खारट म्हणालात तर त्या उद्यापासून —

या ना आई! हे म्हणतायत, छान झालंय. म्हणा ना हो! — लिंबू? लिंबू कशाला आणलंत? खारट कोण म्हणालं, यांनी तर — काय? मी? मी दोनदा घातलं? एकदा पातेलं उतरल्यावर, आणि झोईचा फोन आला तेव्हा पुन्हा — तुम्हाला कसं — खिडकीतून? मांजरांपाशी उभ्या राहून? रोज?

रोज बघता, आई?

…तुम्ही खा हो दादा. लिंबू पिळा आणि खा गुमान. इकडे काय बघताय!