पहारा बंद होणार नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेक इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळत असावी. तिनं नुकताच फोन ठेवला होता.

"काय म्हणतात साहेब?"

"नव्या प्रोग्रामला पेशंटच्या फायली उघडता येत नाहीत, म्हणून सर्व्हरवरचा पहाराच बंद कर म्हणतात."

"मग कर की. उगाच नोकरीवर गदा कशाला?"

"आई, तो पहारा सिस्टिमच्या गाभ्यातच असतो, कर्नलमध्ये. कुठल्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा, ते नियमानं ठरतं. नियमात नसेल तर तो साहेबांनाही अडवतो."

"साहेबांनाही?"

"त्यासाठीच तर बसवलाय. उद्या त्यांचा पासवर्ड चोरीला गेला तर?"

"मग तुझा तो प्रोग्राम चालायचा कसा?"

"मी नियमांचं छोटं मॉड्यूल लिहिलंय. ते बसवलं की प्रोग्राम फक्त एक्स-रे वाचेल, बाकी काही नाही. उद्या तपासून बसवते म्हटलं, तर त्यांना आत्ताच हवंय."

"एका दिवसानं काय बिघडतं गं? दे बंद करून."

"त्या फायलींत तुझे रिपोर्ट आहेत."

"गाठीचे?"

"सगळे."

"मी तर तुझ्या मावशीलाही सांगितलेलं नाही."

"माहीत आहे."

तेवढ्यात लेकीला आत बोलावलं. पर्स आईकडे राहिली आणि फोन पुन्हा वाजला.

"हॅलो. ती आत दात काढून घेतेय, बोलता यायचं नाही. पहारा ना? तो चालूच राहील. मी कोण? तिची आई. आणि साहेब, तुमची पेशंटही."