तीन महिने लांबवलेला निरोप

आदरणीय अध्यक्षा आणि या सभागृहाच्या किल्ल्या कुणाच्या हाती लागू न देणाऱ्या श्रीमती लुसीलिया तोस्ते, व्यासपीठावरचे फादर अनाक्लेतो, आमचे बाँडचे एजंट आणि माझ्या झोपेचे वैरी श्री. हार्लन प्रुएट, आजचे सत्कारमूर्ती श्री. फिर्मिनो बोर्बा, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी तीया इदालिना, माझे कामावरचे सोबती, त्यांची घरची मंडळी, आणि मागच्या दाराशी सोपासच्या रश्शाच्या पातेल्यावर नजर ठेवून उभे असलेले सर्व सज्जनहो,

मी नॉर्बेर्तो आविला. माझ्या वडिलांनी सुरू केलेली काँक्रीटची कंपनी मी चालवतो. निदान ऑगस्टपर्यंत माझा तसा समज होता. ऑगस्टमध्ये फिर्मिनो निवृत्त झाले आणि कंपनी कोण चालवत होतं ते मला कळलं. आम्ही सगळे त्यांना तीओ म्हणतो. माझे ते सख्खे काका नव्हेत, पण मला रागावण्याचा हक्क त्यांनी सख्ख्यापेक्षा जास्त बजावला आहे.

आता तुम्ही म्हणाल, माणूस ऑगस्टमध्ये गेला आणि निरोप नोव्हेंबरात? आमच्याकडे वरात निघून गेल्यावर मांडव घालतात की काय? रास्त प्रश्न आहे. याचं उत्तर असं की, मला हा निरोप द्यायचाच नव्हता. निरोप दिला नाही तर ते गेले असं होत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. कॉनी, माझी बायको, म्हणाली, "केक कापला नाही म्हणून वय वाढायचं थांबतं का रे?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

इथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे, पण फादरना कदाचित नसेल म्हणून सांगतो. आपल्या राज्यात बांधकाम कंपनीचं लायसन्स एका माणसावर उभं असतं. त्याने सरकारी परीक्षा पास केलेली हवी आणि कामावर त्याची प्रत्यक्ष देखरेख हवी. तो माणूस सोडून गेला की सरकार तीन महिन्यांची मुदत देतं. तेवढ्यात दुसरा पास झालेला आणा, नाहीतर लायसन्स बंद. आमचा माणूस आधी माझे वडील होते. ते गेल्यावर तीओ झाले. आमच्या ट्रकच्या दारावर लायसन्सचा जो नंबर आहे, तो त्यांच्या जिवावर आहे. मुदत सोमवारी संपते.

आणि आज सकाळी मी फ्रेझ्नोला जाऊन ती परीक्षा तिसऱ्यांदा देऊन आलो. निकाल तिथल्या तिथे हातात देतात. मी दारातून आत आल्यापासून तुमच्यातल्या प्रत्येकाने भुवया उंचावून मला विचारलं. आमच्या कामावरच्या रमीरोने तर पार्किंगमध्येच गाडीचं दार धरलं. मी सगळ्यांना एकच म्हटलं, आधी भाषण. तेव्हा दम धरा. ज्यांच्यासाठी जमलो आहोत, त्यांच्याबद्दल आधी बोलू द्या.

तीओंचं काम ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी या भागातल्या कुठल्याही जुन्या गोठ्यात जाऊन गाईंना विचारावं. ओल्या फरशीवर गाय घसरली की तिचा पाय जातो आणि पाय गेला की गाय जाते. म्हणून तीओ फरशी ओली असतानाच तिच्यावर चर ओढायचे. किती खोल, ते खुराकडे बघून ठरवायचे. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं हे पाहत उभे राहायचे. एकदा ते पाणी मधेच थांबलं. जरासंच, तळहाताएवढं डबकं. गोठ्याचे मालक सिमास म्हणाले, "अहो राहू द्या, फिर्मिनो, गाईला कुठे तोंड बघायचंय त्यात?" तीओंनी ती फरशी फोडली. आमच्या खर्चाने. त्या दिवशी मला त्यांचा असा राग आला होता की, दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त गाडीच्या हॉर्नने बोललो.

हसताय, हसा. मीही हसत होतो. पण पुढचं ऐका.

गेल्या वसंतात आम्हाला शाळेचं काम मिळालं. व्यायामशाळेचा पाया आणि फरशी. गोठे सोडून पहिल्यांदाच सरकारी काम! सरकारी काम म्हटलं की बाँड आला आणि बाँड म्हटलं की प्रुएटसाहेब आले. मी त्यांना भोळेपणाने विचारलं, "म्हणजे विमाच ना हा?" ते म्हणाले, "विमा म्हणतो, घडलं तर मी भरीन. बाँडही म्हणतो, घडलं तर मी भरीन. मग म्हणतो, आता दार उघड, ते पैसे तुझ्याकडून घ्यायला आलोय." हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की, मी सही केली. कॉनीलाही करावी लागली, कारण तारणाला लावलेलं घर दोघांच्या नावावर आहे. एकामागून एक पानं उलटत ती म्हणाली, "लग्नात फादरनी एवढं विचारलं नव्हतं."

तर आता हिशेब सरळ आहे. सोमवारी लायसन्स गेलं की शाळेचं काम अर्ध्यावर थांबणार. अर्ध्यावर थांबलं की बाँड देणारी कंपनी दुसऱ्याकडून ते पुरं करून घेणार आणि त्या पैशांसाठी माझ्या दारात येणार. प्रुएटसाहेब, मान खाली घालू नका, तुमचा दोष नाही. तुम्ही हे सगळं आधीच सांगितलं होतं. मीच तेव्हा तुमच्या टायकडे बघत होतो.

म्हणून सप्टेंबरात मी तीओंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. म्हटलं, तुम्ही कामावर येऊ नका. फावड्याला हात लावू नका. घरीच बसा, फक्त नाव राहू द्या. व्हायसेलियाचा एक गृहस्थ तर दरमहा भाडं घेऊन आपला नंबर अनोळखी माणसाला द्यायला तयार आहे, आणि तुम्ही तर घरचे. मी पाया पडायचंच काय ते बाकी होतं. अडला हरी म्हणतात तसा. फरक इतकाच की समोर गाढव नव्हतं, हट्टी म्हातारा होता.

ते म्हणाले, "पोरा, जिथे माझं नाव, तिथे माझे बूट. बूट घरी आणि नाव कामावर, हे मला जमायचं नाही. उद्या त्या शाळेची फरशी खचली, तर कुणाच्या नावाने खचली?"

मी म्हटलं, "खचणार नाही."

"तुला कसं कळलं?"

तेवढ्यात तीया इदालिनांनी माझ्यापुढे गोड पावाची बशी ठेवली. मी एक तुकडा घेतला. त्या आत गेल्या आणि दुसरी बशी घेऊन आल्या. मग तिसरी. प्रत्येक वेळी तीओंनी आधीची बशी हळूच आपल्या बाजूला ओढून घेतली आणि तीयांना म्हणाले, "बरं झालं, आणलीस. नॉर्बेर्तो उपाशीच आला होता." मी तिन्ही बशांतलं खाल्लं.

तीयांना आता आठवण राहत नाही, हे या गावात कुणापासून लपलेलं नाही. पण तीओ ऑगस्टमध्ये नेमके का थांबले, हे तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मला हे आज बोलायचं नव्हतं. पण आठवडाभर मी तुमच्यातल्या काहींचं कुजबुजणं ऐकतोय. "म्हाताऱ्याचं एका सहीने काय जातं?" "आठ घरांच्या चुली विझवून निघाला." तेव्हा ऐकाच.

जुलैमध्ये शाळेवर पायाचं काँक्रीट ओतत होतो. ट्रक रांगेत उभे, उन्हाने डोकं फुटायची वेळ. तीओंना फोन आला. शेजारीण सांगत होती की, तीया घरात नाहीत, दार उघडं आहे, आणि घरामागे कालवा आहे. मी म्हटलं, "तीओ, जा. आत्ताच्या आत्ता जा." त्यांनी फोन खिशात ठेवला आणि ओल्या काँक्रीटकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी गेलो तर इथे पास झालेला माणूस कोण आहे?"

कुणी नव्हता. मी उभा होतो, रमीरो उभा होता, सगळे उभे होतो. पास झालेला एकच होता. ओतलेलं काँक्रीट थांबत नाही आणि अर्धवट सोडलं तर पुढे तो पाया शाळेच्या पोरांच्या डोक्याशी खेळतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आमच्यातले दोघे गाडी घेऊन कालव्याकडे धावले. तीओ गेले नाहीत. शेवटचा ट्रक रिकामा होईपर्यंत ते पाठ वळवून काम करत राहिले. तीया कालव्याच्या काठावर सापडल्या, चपला काढून पाण्यात पाय सोडून बसलेल्या. तीओंचा जेवणाचा डबा मांडीवर होता. त्यांना डबा द्यायला निघाल्या होत्या म्हणे.

त्यानंतर एकच महिना ते आले. तेवढ्यात त्यांनी पायाचं काम संपवलं आणि थांबले. आता मला सांगा, यात कुणाला दोष द्यायचा? कायद्याला? कायदा म्हणतो, जाणता माणूस कामावर हवा. बरोबरच म्हणतो. त्या पायावर माझीही पोरगी उड्या मारणार आहे. मग तीओंना द्यायचा? इदालिनांना? मी गेले तीन महिने दोष द्यायला माणूस शोधतोय आणि मला तो सापडत नाही. मित्रहो, राग काढायला जागा नसणं ही फार वाईट गोष्ट आहे.

असो. निकाल.

मी नापास झालो. कायदा आणि हिशेबाच्या भागात पास, काँक्रीटच्या भागात नापास. बापाच्या पोटी काँक्रीटमध्ये जन्मलो आणि काँक्रीटमध्ये नापास. पडद्यावर प्रश्न आला की, माझ्या डोक्यातलं सगळं गोठतं. मुदतीआधी पुन्हा बसता येणार नाही. रमीरोचा परीक्षेला बसण्याचा अर्ज मंजूर व्हायला अजून महिने जातील. लेमूर गावात काँक्रीटचंच काम करणाऱ्या मशादोंशी मी दुपारीच बोललो आहे. सोमवारपासून ते तुम्हा सगळ्यांना कामावर घेतील. माणूस तोंडाळ आहे, पण पगाराला सरळ आहे. कॉनीला गाडीतूनच फोन केला. ती म्हणाली, "माझ्या आईकडे दोन खोल्या आहेत. तिच्यासमोर फक्त काँक्रीटचं नाव काढू नकोस."

नाही. तीओ, बसा.

मी पाहतोय, तुम्ही टोपी उचललीत. बसा म्हणतो ना. प्रुएटसाहेब, तुम्हीही ती बॅग उघडू नका, पेन खिशात ठेवा. मला माहीत आहे तीओ काय म्हणणार. "सोमवारपासून येतो, पोरा, तू पास होईपर्यंत." हे ऐकायला तीन महिने माझे कान आसुसले होते. आज सकाळी निकाल हातात घेऊन गाडीत बसलो तेव्हाही मनात हेच होतं की, सभागृहात सांगू, म्हाताऱ्याला पाझर फुटेल. खोटं कशाला बोलू? आणि मी सांगितलं तर तुम्ही याल, याची मला खात्री होती. तुम्ही नुसतं नाव देणार नाही. तुम्ही बूट घालून याल आणि दिवसभर उभे राहाल. मग फोन वाजेल, आणि तुम्ही पुन्हा त्या काँक्रीटकडे बघाल. मला ते पाहवणार नाही. म्हणून चार माणसांत सांगतो, म्हणजे उद्या ऑफिसात गुपचूप येऊन मला गाठायची सोय उरणार नाही. तुमची सही मला नको.

अहो, अजून उभेच? शेजारी बघा. तुम्ही उठलात तशा तीयाही उठल्या आहेत, पर्स घेऊन. कुठे जायचंय ते त्यांना माहीत नाही. तुम्ही निघालात, एवढंच त्यांना कळलंय.

लुसीलियाबाईंनी सभागृहाचं भाडं घेतलं नाही, फादरनी इतका वेळ घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यांचे आणि पहाटेपासून ज्यांनी पातेली चढवली त्या सगळ्या भगिनींचे मी मनापासून आभार मानतो. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको तेव्हा घेतलं असेल, सत्काराच्या दिवशी रडगाणं ऐकवलं असेल, तर या गबाळ्या माणसाला सांभाळून घ्या. सोपास गरम आहे. पहिलं ताट तीयांना वाढा.

तीओ... हां. बसलात.

आभारी आहे.