पानांवरची भुकटी

करुणा : सही नका करू काका. थांबा जरा.

बद्रीनाथ : थांबू कशाला? आज शेवटची तारीख म्हणलीस ना? पाचच्या आत औरंगपुऱ्यात फोटो-स्पर्धेचा फॉर्म द्यायचा, आन् झाडं वाढवणाऱ्याची सही पाहिजे म्हणत्यात त्याच्यावर. चष्मा तेवढा दे इकडं.

करुणा : आधी माझं ऐकून घ्या.

बद्रीनाथ : फोटो लई झकास काढलास बघ. एका घमेल्यात नऊ निवडुंग आन् मधी ही जाड पानांची, कमळावाणी दिसणारी सात झाडं. एका पानापासून केली मी ती, सहा वर्षं लागली. अख्ख्या पडेगावानं येड्यात काढलं मला. म्हणले, रिटायर झाल्यावर माणूस देवाधर्माला लागतो, ह्यो काट्याकुट्याला लागला. आता स्पर्धेच्या हॉलात भिंतीवर लागलं की येतील बघाया. फक्त ती पानं तेवढी...

करुणा : त्या पानांचंच सांगायचंय.

बद्रीनाथ : त्यात काय सांगायचं. फोटोत चमकतात, पण झाड नासलं. ती पांढरी भुकटी म्हंजी त्याचं कातडं गं. ऊन त्याच्यावरच झेलतंय ते. एकदा पुसली की त्या पानावर परत येत नाय. कडंची पानं तर भाजलीबी. तुझ्या काकूला हजारदा सांगितलं व्हतं, गच्चीवर फडकं घेऊन यायचं नाय. तिला कपाट पुसायचं, टीव्ही पुसायचा, माणूस लई वेळ एका जागी बसला तर त्यालाबी पुसंल.

करुणा : काकू कुठंयत?

बद्रीनाथ : खाली. आठ दिस झाले, गच्चीवर पाय ठेवला नाय. कपडेबी अंगणात वाळू घालती. ताट वाढती, पण बोलत नाय. चूक स्वतःची आन् रुसवा माझ्यावर.

करुणा : काका, काकूंनी नाही पुसलं. मी पुसलं.

बद्रीनाथ : तू?

करुणा : फोटो काढायच्या आधी. तुम्ही चहाचं सांगायला खाली गेला होतात. मला वाटलं, रस्त्यावरची धूळ बसलीये. दौलताबाद रोडला दिवसभर ट्रक चालतात ना. लेन्स पुसायचं मऊ कापड होतं माझ्याकडं, त्यानं एकेक पान पुसत बसले. आतून असा गुलाबी रंग निघाला, म्हटलं वा, आता फोटो उठून दिसेल.

बद्रीनाथ : न कळता झालं पोरी. तुला काय ठाव.

करुणा : पुसताना नव्हतं ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी मी फोटो दाखवायला आले, तेव्हा तुम्ही माझ्यासमोरच काकूंवर ओरडलात. काकू म्हणाल्या, मी हातसुद्धा लावला नाही. तुम्ही म्हणालात, खोटं बोलू नको, परक्या पोरीपुढं तरी लाज ठेव. आणि मी तिथंच उभी होते काका. मोबाईलमध्ये बघत राहिले. तो बंद होता.

बद्रीनाथ : मंग बोलली का नायस?

करुणा : तुम्ही सही देणार नाही असं वाटलं. नऊ वर्षं स्टुडिओत लग्नाचे फोटो काढतेय मी, अल्बमवर नाव मालकाचं. म्हटलं, एकदा तरी माझ्या नावाचा फोटो भिंतीवर लागू दे. पण मग राहवेना. रोज इकडं यायला निघायचे आणि छावणीतून गाडी परत वळवायचे. लाज वाटते हो. फोटोच्या दिवशी काकूंनी आग्रह करून जेवू घातलं होतं मला.

बद्रीनाथ : तू गेल्यावर मी अजून बोललो तिला. लई बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो. ते तुला सांगवत नाय मला... अगं ए, वर ये जरा.

(साळूबाई येते, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबते.)

साळूबाई : काय काम हाये?

करुणा : काकू, ती पानं मी पुसली होती. त्या दिवशी गप्प बसले. चुकले मी.

साळूबाई : ठाव हाये मला.

करुणा : तुम्ही बघितलं होतं?

साळूबाई : बघाया कशाला पाहिजे? मी पुसलं नाय, ह्यांनी पुसलं नाय. गच्चीवर तिसरं कोण आलं व्हतं?

बद्रीनाथ : मंग तवाच तिचं नाव घ्यायचं ना.

साळूबाई : मी म्हणलं व्हतं, मी हात लावला नाय. तेवढं पुरं नव्हतं का? तिचं तिनं सांगितलं, तिचं-माझं मिटलं. रडू नको गं. जा, फॉर्म देऊन ये.

करुणा : नाही देत काकू. त्यात लिहायचंय, झाडं आहेत तशीच ठेवून फोटो काढला म्हणून. ते कसं लिहू?

बद्रीनाथ : आन् माझं गं? तिचं मिटलं म्हणतीस.

साळूबाई : तुम्ही एक सांगा. छत्तीस वर्षं झाली लग्नाला. त्यात कितीदा खोटं बोलले मी तुमच्याशी?

बद्रीनाथ : एकदाबी नाय.