मुरब्यातला फुकट सल्ला

नाही, पण तुम्हीच सांगा, फुकट देणाऱ्याकडे लोकांनी असं चोराकडे बघितल्यासारखं बघावं? अहो, मी दिल्लीला वकिली शिकले, तिथंच नोकरी मिळत होती ती सोडून पालघरला घरी परत आले, का, तर कायदा गरिबाच्या दारात न्यायचा! आणि आल्या आल्या किनाऱ्यावर ते मेलं वादळ. होड्या फुटल्या, छपरं उडाली, माणसं... असो. आम्ही तिघाचौघा वकिलांनी ठरवलं, पालघरच्या आमच्या खोलीत पक्षकारांची वाट बघत बसायचं नाही, फुकट सल्ला गावोगाव न्यायचा. आमचे थोरले खंडेराव वकील पान चघळत म्हणाले, "न्या की! पण पोरी, कुणी येणार नाही हो." येणार नाही? फुकट आहे, काका, फुकट!

तर टांग्यानं सातपाटी, तिथून होडीनं खाडी ओलांडून मुरबं गाव. देवळाच्या ओट्यावर सतरंजी अंथरली, 'मोफत कायदेशीर सल्ला' अशी पाटी लावली आणि बसले. बसले... बसलेच! समोर बायका बोंबील वाळत घालताहेत, माझ्याकडे बघताहेत, एकमेकींना कोपरानं ढोसताहेत, पण येईल एक तरी? म्हटलं, पाटी वाचता येत नसेल, आणि तुम्हाला सांगते, मी चक्क ओरडायला लागले, "फुकट हो, फुकट!" ओट्याखाली झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून गेलं.

मग आली मंजुळामावशी. पार मनोरच्या बाजारापर्यंत मासळी विकणारी बाई, आवाज असा की पलीकडच्या काठावरची गिऱ्हाइकं वळून बघतील. कमरेवर हात ठेवून म्हणते, "काय गो बाय, काय देतेस फुकट?"

"सल्ला, मावशी."

"कालचा हाय?"

"अहो, सल्ला कालचा कसा असेल?"

"मंग फुकट कशाला? आमी म्हावरं फुकट कवा देतो? नरम पडल्यावर! ताजं असतं तर भाव नसता केलास?"

घ्या! अख्खी घटना वाचलेय मी, पण याचं उत्तर कुठल्या कलमात आहे? आता मी तरी काय करणार... म्हटलं, "बरं, एक पापलेट."

"पापलेट? तोंडाच्या गोष्टीला पापलेट?" मावशी अशी किंचाळली की सगळा किनारा गोळा झाला, आणि काय सांगू, जी ती खूश! कुणी म्हणे दोन बोंबील, कुणी म्हणे करंदी दे तिला, मी भाव चढवतेय, त्या उतरवताहेत, आणि शेवटी मूठभर सुकटीवर सौदा ठरला. आमच्या घरात आई कांदासुद्धा दार लावून चिरते, तिथं मी ओच्यात सुकट घेऊन जायची! पण रांग लागली हो. फुकट कुणी आलं नव्हतं, सुकट घेऊन सगळ्या आल्या.

गर्दी ओसरल्यावर येसूबाई पुढं सरकली. कपाळभर कुंकू. तिचा नवरा महादू वादळाच्या आदल्या दिवशी होडी घेऊन गेला होता, तो आला नाही, होडीची फळीही आली नाही. ज्यांच्या होड्या गेल्या त्यांना सरकारकडून नव्या होडीसाठी लाकूड मिळत होतं, अर्जाला शनिवार शेवटचा दिवस. येसूबाईचा दीर दामू होडी वल्हवायला तयार, नाहीतर घरात चूल कशाच्या जिवावर पेटणार? पण मदत कचेरीतल्या साहेबांनी सांगितलेलं, होडी महादूच्या नावावर, महादूला हजर करा, नाहीतर तो मेला असं लिहून द्या.

"मी ता लिवणार नाय," येसूबाई म्हणाली. "जो मेला नाय त्याची होडी कशी मिळल, ता सांग."

आणि मी, शहाणी, घडाघडा सांगून मोकळी, की माणसाचा पत्ता नसला तर कायदा सात वर्षं वाट बघतो!

"सात वर्सं मी बगीन गो वाट," ती म्हणाली. "पण पोरं सात वर्सं जेवायची थांबतील काय?"

तुम्हाला सांगते, असला फुकटचा सल्ला द्यायला दिल्लीला कशाला जायला हवं होतं? उगीच आपलं विचारलं, मासळीची वाटणी कशी करता? म्हणाली, एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, बाकी माणसांचे. जाळ्याचा कोण घेतं? "मी. जालं माजं. सूत माज्या बापानं दिलं, विणलं मी."

उडालेच मी ओट्यावरून! "अहो येसूबाई, म्हणजे तुम्ही भागीदार! धंदा दोघांचा! एक हजर नसला तर दुसऱ्यानं मागावं, त्यात कुणी मरायला कशाला हवं?"

ती आणखी जवळ सरकली. मग हळूच, "ता लिवायला नाय लागणार?"

"नाही लागणार."

शनिवारी कचेरीत निम्मं मुरबं आमच्याबरोबर. साहेब नाकात म्हणतात, "भागीदारीचा कागद कुठाय?" मंजुळामावशी म्हणते, "कागद कशाला, दादा? अख्ख्या बंदराला ठाव हाय! बोलव कोणाला पण!" आणि बोलवायच्या आधीच बारा तोंडं एकदम सुरू. साहेबांनी कानांवर हात ठेवले. मला म्हणतात, "बाई, तुमचं काय जातं, तुम्ही फुकट आहात!" पण अर्ज घेतला. फक्त म्हणाले, "एक रकाना भरावाच लागेल. दुसरा भागीदार सध्या कुठे आहे?"

सगळ्या येसूबाईकडे बघायला लागल्या. मंजुळामावशीसुद्धा. माझ्या हातात पेन... काय लिहू?

येसूबाई म्हणाली, "समिंदरावर हाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, खिडकीकडे बघत म्हणाले, "लिहा, बाई. धंद्यानिमित्त समुद्रावर."

लिहिलं. खाली सही केली. पुराव्याशिवाय लिहू नये असं शिकवलं होतं आम्हाला, कबूल, पण उलट पुरावा तरी कुणाकडे होता? लाकूड मंजूर झालं.

लाकडाच्या अर्जांची मुदत वाढली म्हणून परवा परत मुरब्याला गेले, तर सातपाटीच्या बायका माझ्याआधी ओट्यावर येऊन बसलेल्या. त्यांचीही माणसं समुद्रावरच आहेत म्हणतात. लिहितेय... दुसरं काय करणार!