आईचा तांबडा कोंबडा

नको, मला रस्सा वाढू नका. का ते सांगतो.

पंचेचाळीसेक वर्षं झाली. घरी सहा कोंबडे झाले होते, दिवसभर भांडायचे. बाबा म्हणाले, "कापून टाकू सारे." आईनं आपला लाडका तांबडा तेवढा वाचवला आणि सिहोऱ्याला ताईच्या सासरी देऊन टाकला. 'कापू नका' असं विहीणबाईंना सांगायची मात्र तिला लाज वाटली.

आठ दिवसांतच म्हणाली, "चाल, पाहून येऊ त्याले."

पोचलो तेव्हा तांबडा अंगणात दाणे टिपत होता. आईला पाहून धावत आला.

दुपारी ताटं वाढली. विहीणबाई म्हणाल्या, "पाव्हने आले अन् कोंबडा नाही कापला, तं कसं जमन?"

आई निमूट जेवली. परतताना एस.टी.त एवढंच बोलली, "आपन पाहाले गेलोच नसतो, तं जिता रायला असता."